वाचक विचारतात : उतारवयात यी चिंगचा कौल कसा घ्यावा

गेल्या अंकात प्राचीन चीनमधल्या यी चिंग या कौल घेण्याच्या पद्धतीची थोडक्यात ओळख करून दिली होती. त्यावर नाशिक, नाशिकरोड, देवळाली कॅम्पहून पत्रं आली आणि त्यातली बहुतेक साठीपुढच्या वाचकांची आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत. नावं छापलेली नाहीत.

यी चिंग म्हणजे चिनी ज्योतिषच ना? माझी जन्मवेळ घरात कुणालाच नक्की माहीत नाही. मग मला याचा काही उपयोग होईल का? आणि पुढचं खरंच कळतं का?
— निवृत्त शिक्षिका, इंदिरानगर

जन्मवेळ, रास, पत्रिका यातलं काहीच लागत नाही. यी चिंग (काही जण आय चिंग म्हणतात) हा एक ग्रंथ आहे. त्याचा गाभा पश्चिम झोउ राजवटीच्या काळातला, म्हणजे पावणेतीन ते तीन हजार वर्षांपूर्वीचा. रेषा दोनच प्रकारच्या : सलग आणि तुटक. सलग म्हणजे यांग, तुटक म्हणजे यिन. अशा सहा रेषा एकावर एक रचल्या की एक आकृती होते, आणि अशा आकृत्या ६४ होतात. प्रत्येक आकृतीला नाव आहे, दोन-चार ओळींचं मुख्य वचन आहे आणि सहाही रेषांना स्वतंत्र वचन आहे. नाणी किंवा काड्या टाकून यातली कोणती आकृती वाचायची ते ठरतं.

मूळ मजकुराला पुढे ‘दहा पंख’ नावाची विवरणं जोडली गेली. परंपरा त्यांचं श्रेय कन्फ्यूशियसला देते. आजचे अभ्यासक तसं मानत नाहीत. सिमा छ्येन या इतिहासकाराने मात्र लिहून ठेवलंय, की कन्फ्यूशियसला उतारवयात या ग्रंथाची गोडी लागली आणि बांबूच्या पट्ट्या बांधणारी चामडी वादी तीनदा तुटेपर्यंत त्याने तो वाचला.

पुढचं कळतं का, याचं उत्तर स्पष्टच द्यायला हवं. परातीत नाणी कशी पडली, यावरून तुमच्या घरात पुढे काय घडेल ते समजतं, असं मानायला आम्हाला आधार दिसत नाही. उपयोग वेगळा आहे. मनात घोळत असलेल्या गोष्टीसमोर तुम्ही न निवडलेला मजकूर येतो, आणि ज्या बाजूकडे पाहायचं टाळत होतो तिकडे नजर वळवावी लागते. साठीनंतरचे प्रश्न बहुधा असेच टाळलेले असतात : कुणाजवळ राहायचं, काय सोडायचं, कशाचा हट्ट धरायचा. त्या कामी हा ग्रंथ चांगला आहे, एवढं आम्ही खात्रीने सांगतो.

नाण्यांची पद्धत नीट, आकड्यांसकट सांगा. दोनदा करून पाहिली, दोन्ही वेळा गोंधळ झाला. एके ठिकाणी छाप्याला दोन लिहिलेत, दुसरीकडे तीन.
— प्रेसमधून निवृत्त, नाशिकरोड

नाणी तीन घ्या, तिन्ही एकाच वर्षाच्या घडणीची नसली तरी एकाच मूल्याची आणि एकाच नक्षीची. दहा रुपयांचं दुरंगी नाणं २७ मिलिमीटरचं असतं. ते बोटांना सापडतं आणि डोळ्यांनाही दिसतं. चौकोनी भोकाची चिनी नाणी हवीतच असं नाही. फेंगशुईच्या दुकानातली लाल फितीत बांधलेली घेतलीत तर फीत सोडवा. बांधलेली नाणी सुटी पडत नाहीत.

सिंहमुद्रेची बाजू म्हणजे छापा, त्याचे ३. आकड्याची बाजू म्हणजे काटा, त्याचे २. तुम्हाला दोन ठिकाणी उलटसुलट सापडलं त्याचं कारण असं, की जुन्या चिनी नाण्यांच्या अक्षरांच्या बाजूला कुणी २ धरतं, कुणी ३. दोन्ही रीती चालतात. पण एक ठरवा, वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि पुन्हा बदलू नका. निम्म्या रेषा एका रीतीने आणि निम्म्या दुसऱ्या रीतीने मांडल्या की कशाचाच पत्ता लागत नाही.

आता कृती. वहीत तारीख आणि प्रश्न पूर्ण वाक्यात लिहा. पसरट परातीत पंचाची घडी अंथरा, म्हणजे नाणी घरंगळून कॉटखाली जाणार नाहीत. तिन्ही नाणी ओंजळीत खुळखुळवून एकदम टाका आणि बेरीज करा. बेरीज ६, ७, ८ किंवा ९ यांपैकीच येते.

तीन काटे म्हणजे ६ : तुटक रेषा, बदलणारी. एक छापा दोन काटे म्हणजे ७ : सलग, स्थिर. दोन छापे एक काटा म्हणजे ८ : तुटक, स्थिर. तीन छापे म्हणजे ९ : सलग, बदलणारी. सहापुढे फुली काढा, नवापुढे गोल. असं सहा वेळा करायचं, आणि पहिली रेषा सगळ्यात खाली, सहावी सगळ्यात वर.

चुका होतात त्या ठरावीक जागी. पहिली चूक बहुमताची : दोन छापे दिसले की लोक सलग रेषा काढतात. बेरीज मात्र ८ आहे, म्हणजे रेषा तुटक. दोन सारखी आणि एक वेगळं पडलं, की त्या एकट्या नाण्यावर रेषा ठरते. म्हणून नुसतं बघून रेषा काढू नका. आधी आकडा लिहा, मग रेषा.

दुसरी चूक वरून खाली लिहिण्याची. आपल्याला सवय तशीच असते. पण त्याने आकृतीच बदलते : ४८ क्रमांकाची ‘विहीर’ उलटी मांडली की ४७ क्रमांकाची ‘कोंडी’ होते. कागदावर आधीच खालून वर १ ते ६ आकडे टाकून ठेवलेत तर हा घोळ होत नाही.

तिसरी चूक पुस्तकातल्या कोष्टकात. तिथे खालच्या तीन रेषा एका बाजूला आणि वरच्या तीन दुसऱ्या बाजूला शोधायच्या असतात. खालीवर झालं तर ‘शांती’ (११) ऐवजी ‘खोळंबा’ (१२) वाचत बसाल. एखादं नाणं परातीबाहेर गेलं तर ते एकटं पुन्हा टाकू नका, तिन्ही टाका.

बदलणाऱ्या रेषा उलटवल्या (६ची सलग, ९ची तुटक) की दुसरी आकृती मिळते. कोणतं वचन वाचायचं याचा नेम बाराव्या शतकातल्या चू शी या पंडिताने घालून दिला. एकही रेषा बदलत नसेल तर आकृतीचं मुख्य वचन. एक बदलत असेल तर त्या रेषेचं वचन. दोन असतील तर दोन्ही, पण वरच्या रेषेला अधिक वजन. तीन असतील तर दोन्ही आकृत्यांची मुख्य वचनं. चार असतील तर दुसऱ्या आकृतीतल्या न बदललेल्या दोन रेषा, त्यात खालची महत्त्वाची. पाच असतील तर दुसऱ्या आकृतीतली न बदललेली एक. सहाही बदलल्या तर दुसऱ्या आकृतीचं मुख्य वचन. पहिल्या दोन आकृत्यांना, म्हणजे ‘आकाश’ आणि ‘धरती’ला, अशा वेळेसाठी वेगळं वचन दिलेलं आहे.

प्रत्येक रेषा बदलती येण्याची शक्यता चारात एक. त्यामुळे बहुतेक वेळा एक किंवा दोनच बदलत्या रेषा येतात, आणि शंभरातल्या साधारण अठरा वेळा एकही येत नाही. एकही आली नाही म्हणजे कौल लागला नाही, असं समजून पुन्हा नाणी टाकू नका.

वय ७४. संधिवातामुळे नाणी ओंजळीत खुळखुळवता येत नाहीत, वाकून उचलता येत नाहीत. काही सोपी रीत?
— जेलरोड

सोळा मण्यांची रीत तुमच्यासाठीच आहे, आणि नाण्यांपेक्षा ती जुन्या काड्यांच्या पद्धतीला अधिक जवळची आहे. एकाच मापाचे, एकाच घडणीचे १६ मणी घ्या, चार रंगांत. पंचवटीत माळांच्या दुकानांत सुटे मणी मिळतात. एका रंगाचा १ मणी (६ साठी), दुसऱ्याचे ३ (९ साठी), तिसऱ्याचे ५ (७ साठी), चौथ्याचे ७ (८ साठी). सगळे कापडी बटव्यात घाला, न बघता एक काढा, आकडा लिहा, मणी परत बटव्यात टाका, बटवा हलवा, पुढचा काढा. सहा वेळा.

मणी परत टाकायला विसरलात तर सगळं प्रमाण बिघडतं. सहाचा एकच मणी असल्याने तो एकदा बाहेर राहिला की पुढे सहा येऊच शकत नाही. आणि माप सारखंच हवं, कारण लहानमोठा मणी बोटांना ओळखू येतो आणि हात नकळत तोच शोधतो.

मूळ रीत यॅरो नावाच्या वनस्पतीच्या ५० काड्यांची. हौस असेल तर खराट्याच्या सरळ काड्या वीतभर लांबीच्या कापून चालतील. एक काडी बाजूला ठेवायची, ती शेवटपर्यंत तशीच. उरलेल्या ४९ चे अंदाजाने दोन भाग करायचे. उजव्या भागातली एक काडी डाव्या हाताच्या करंगळीजवळच्या बेचक्यात धरायची. मग डावा भाग चार-चार करून मोजायचा, उरतील त्या काड्या धरायच्या; तसाच उजवा. पूर्ण भाग गेला तर शून्य धरायचं नाही, चार धरायच्या. इथेच बहुतेकांचं चुकतं. पहिल्या फेरीला हातात ५ किंवा ९ काड्या असल्याच पाहिजेत. त्या बाजूला ठेवून खाली उरलेल्यांवर तीच कृती पुन्हा दोनदा करायची; त्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला हातात ४ किंवा ८. वेगळा आकडा आला तर ती फेरी पुन्हा करा. तीन फेऱ्यांनंतर खाली ३६, ३२, २८ किंवा २४ काड्या राहतात. चाराने भागलं की ९, ८, ७ किंवा ६. एका रेषेला तीन, अशा १८ फेऱ्या. अर्धा-पाऊण तास जातो. जमिनीवर मांडी घालून करू नका, टेबलावर करा.

यजमान जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा पुण्याला कायमचं बोलावतोय. इथला फ्लॅट विकावा की नाही, यावर कौल कसा लावायचा?
— गंगापूर रोड

‘विकावा की नाही’ असा लावू नका. इथे हो-नाही छापलेलं नसतं. वचन कोणतंही आलं तरी मनात आधीच असलेलं उत्तर त्यातून काढता येतं, आणि मग कौल घेऊन उपयोग काय? एका वाक्यात दोन प्रश्नही नकोत. ‘मुलाला मी खरंच हवी आहे का’ असा दुसऱ्याच्या मनाचा ठाव घेणारा प्रश्नही नको. ते त्यालाच विचारायचं. प्रश्न तुमच्या हातातल्या गोष्टीचा असावा. उदाहरणार्थ : ‘पुण्याला कायमचं राहायला जाताना मी कशाकडे लक्ष द्यावं?’ वेगळ्या दिवशी दुसरा : ‘नाशिकलाच राहायचं ठरवलं तर कशाकडे लक्ष द्यावं?’

समजा, पहिल्या प्रश्नाला खालून वर ८, ७, ७, ६, ७, ८ असे आकडे आले. तुटक, सलग, सलग, तुटक, सलग, तुटक. खालच्या तीन रेषा वारा किंवा लाकूड, वरच्या तीन पाणी. ही ४८ क्रमांकाची आकृती, ‘विहीर’. मुख्य वचनाचा आशय असा : गाव हलवता येतं, विहीर हलवता येत नाही. ती आटत नाही, भरून वाहत नाही. लोक येतात-जातात, पाणी शेंदतात. पण दोर पाण्यापर्यंत पुरलाच नाही किंवा घागर फुटली, तर अनर्थ.

हे वाचून घाईने ‘विहीर हलत नाही म्हणजे मी जायचं नाही’ असं म्हणाल. थांबा. तुमच्या बाबतीत विहीर म्हणजे काय, ते आधी लिहून काढा. फ्लॅटच्या भिंती? सकाळी कॉलेज रोडला फिरायला सोबत येणाऱ्या मैत्रिणी? ओळखीचे डॉक्टर, भजनी मंडळ, की मुलगा-नातवंडंच? ज्यातून तुम्हाला रोज पाणी मिळतं, ती विहीर. आणि दोर म्हणजे तिथपर्यंत पोचायची सोय : जिना चढण्याची ताकद, हातखर्चाचे स्वतःचे पैसे, पुण्यात स्वतःची खोली. दोर अपुरा पडला तर काठोकाठ भरलेली विहीरही कामाची नाही.

चौथी रेषा ६ आहे, म्हणजे बदलणारी. एकच बदलते म्हणून तिचं वचन मुख्य : विहिरीला आतून बांधकाम चाललंय, दोष नाही. बांधकाम चालू असताना पाणी शेंदता येत नाही, तरी ते दिवस वाया गेलेले नसतात. तुमच्या बाबतीत याचा अर्थ सरळ निघू शकतो : आधी डागडुजी, मग निर्णय. गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं असेल, फ्लॅटवर वारस म्हणून नाव लागायचं राहिलं असेल, बँकेत नॉमिनी बदलायचा असेल, तर ती कामं आधी हातावेगळी करा.

चौथी रेषा उलटवली की २८ क्रमांकाची आकृती येते, ‘फार मोठा भार’. तिचं वचन : आढं वाकलंय, कुठेतरी जायला ठिकाण असणं हितकर. या आकृतीत मधल्या चार रेषा सलग आणि दोन्ही टोकं तुटक आहेत, म्हणजे मध्ये वजन आणि टेकू नाजूक. एकट्या मुलाच्या घरावर भार कुठे पडेल, सून नोकरी करते का, दिवसभर तुमच्याजवळ कोण, याची चौकशी हीच आकृती सुचवते. विकण्याआधी दोन-तीन महिने राहून येणं, तोवर इथला फ्लॅट कुलूप लावून किंवा भाड्याने ठेवणं, हा मार्गही ‘ठिकाण असण्यात’ बसतो.

वाचन संपल्यावर वहीत एकच ओळ लिहा : या आठवड्यात मी काय करणार. ती ओळ सुचत नसेल तर वाचन अजून पुरं झालेलं नाही.

माझ्या वडिलांनी तब्येतीबद्दल कौल घेतला. पंचविसावी आकृती, पाचवी रेषा आली. तेव्हापासून त्यांनी बीपीच्या गोळ्या बंद केल्यात. काय करू?
— सिडको

आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा. उद्यावर ढकलू नका. बीपीच्या काही गोळ्या एकदम थांबवल्या तर रक्तदाब उसळून वर जातो. पक्षाघात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. चुकलेल्या दिवसांच्या गोळ्या एकदम देऊ नका. पुन्हा कशा सुरू करायच्या ते डॉक्टरच सांगतील. बोलणं जड होणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, छातीत दुखणं यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठा.

वडिलांशी वाद घालू नका, त्यांच्यासोबत बसून ते पान वाचा. त्या रेषेत ‘आपल्या दोषाने न आलेल्या दुखण्याला औषध घेऊ नका, ते आपोआप बरं होईल’ या अर्थाचं वाक्य खरोखर आहे. आकृतीचा विषय आहे निष्कपटपणा, अचानक कोसळलेलं संकट, आणि त्यावर घाबरून नको तो उपाय न करणं. ज्या काळात ते लिहिलं गेलं त्या काळात रक्तदाब मोजायचं साधन नव्हतं. मनाला लागलेल्या एखाद्या आरोपाबद्दल, नातेवाइकाच्या गैरसमजाबद्दल हीच रेषा फार शहाणी ठरते. गोळ्यांबद्दल मात्र तिला काहीच म्हणायचं नाही.

सर्वच वाचकांना कळकळीने सांगतो : औषध घ्यायचं की नाही, ऑपरेशन कधी, तपासणी करायची का, यावर कौल लावू नका. ‘आजारपणात मी स्वतःला कसं सांभाळू’ एवढंच विचारा. आणि आयुष्य किती उरलंय, हे कधीच विचारू नका. त्याचं उत्तर या ग्रंथात कुठेच नाही. भीती मात्र घरी येते आणि जात नाही.

आमचे हे निवृत्तीनंतर एकच प्रश्न दिवसातून चार-चार वेळा विचारत बसतात.
— देवळाली कॅम्प

चौथ्या आकृतीचं वचनच त्यांना वाचून दाखवा. तिथे कौल स्वतः म्हणतो : पहिल्यांदा विचारलंस, सांगितलं, दुसऱ्या-तिसऱ्यांदा विचारणं म्हणजे त्रास देणं, आणि त्रास देणाऱ्याला मी सांगत नाही. आमचा नियम असा : एका प्रश्नाला एक कौल, आणि परिस्थितीत खरा फरक पडेपर्यंत तो प्रश्न बंद. वहीत ‘बंद’ असं लिहून तारीख टाका.

तरीही ते विचारत राहिले, तर यी चिंग बाजूला ठेवून त्यांच्याकडे लक्ष द्या. सकाळी विचारलेलं दुपारी आठवत नाही म्हणून पुन्हा विचारतात का? की आठवतं, पण चैन पडत नाही म्हणून? पहिलं असेल तर विसरभोळेपणाची तपासणी करून घ्या, दुसरं असेल तर काळजीच्या विकाराची. दोन्हींवर उपचार आहेत.

हे करणं आपल्या धर्माविरुद्ध तर नाही? आमच्याकडे देवाला कौल लावतात, रामशलाकाही आहे. मग हे कशाला?
— पंचवटी

यात कोणत्याही देवतेची पूजा, नवस किंवा दीक्षा नाही, त्यामुळे देवघराला काही बाधत नाही. देवाला लावलेला कौल बहुधा उजवा किंवा डावा असतो, म्हणजे मान्य किंवा अमान्य. यी चिंगमध्ये चौसष्ट परिस्थिती आणि ३८४ रेषावचनं आहेत, म्हणून ‘करू का’पेक्षा ‘कसं वागू’ हे तिथे अधिक चांगलं विचारता येतं. तुमचं समाधान रामशलाकेत होत असेल तर बदलायचं काही कारण नाही.

म्हातारपणाबद्दल थेट बोलणाऱ्या आकृत्या कोणत्या? कौल न लावता नुसत्या वाचल्या तर चालतील?
— महात्मानगर

चालतील, आणि आम्ही तर आधी तसंच करायला सांगू. अनोळखी पुस्तकातून संकटाच्या घडीला कौल घेण्यापेक्षा निवांत असताना काही पानं ओळखीची करून घेतलेली बरी.

पहिल्यांदा तिसावी आकृती वाचा, ‘तेज’. तिची तिसरी रेषा सरळ म्हातारपणावर आहे : कलत्या सूर्याचा उजेड. मडक्यावर ताल धरून गाणं म्हणायचं, नाही तर वय झालं म्हणून उसासे टाकायचे, अशुभ. ही रेषा फार वेळा उरकून टाकली जाते. शेवटच्या ‘अशुभ’ शब्दाने लोक दचकतात आणि पान उलटतात. नीट पाहिलं तर तिथे मडकं आहे. वीणा नाही, नगारा नाही. स्वयंपाकघरात हाताशी असलेलं मातीचं भांडं. दिवस कलला तरी ताल धरायला काही खास आणावं लागत नाही, हे त्या एका वस्तूतून कळतं. त्या ‘अशुभा’चा अर्थ कसा लावायचा यावर मतं वेगळी आहेत, ते उसाशांना लागू आहे, असं आम्ही वाचतो.

अठ्ठाविसाव्या आकृतीत दोन झाडं आहेत. दुसऱ्या रेषेत वठलेल्या वाळुंजाला मुळाशी नवे फुटवे येतात आणि सारं हितकर ठरतं. पाचव्या रेषेत वठलेल्या वाळुंजाला फुलं येतात. दोष नाही, पण कौतुकही नाही. फरक मुळाचा आहे. फुटवा झाड वाढवतो, फूल उरलीसुरली ताकद खर्च करतं. निवृत्तीनंतर नवं काही सुरू करताना या दोन रेषा शेजारी ठेवाव्यात. त्यातलं म्हाताऱ्याने तरुण बायको करण्याचं किंवा म्हातारीने नवरा करण्याचं वर्णन त्या काळाचं आहे. अक्षरशः घेऊ नका.

‘माघार’ (३३) अधिकार सोडण्याबद्दल आहे. दुकानाच्या गल्ल्यावरून, संस्थेच्या खुर्चीवरून उठायचं असेल तेव्हा वाचा. वरच्या तीनही रेषा मनापासून, वेळेत मागे सरणाऱ्याला अनुकूल आहेत. ‘नम्रता’ (१५) हिची सहाच्या सहा रेषावचनं चांगली, असं इतर कुठे आढळत नाही. ‘मर्यादा’ (६०) पेन्शनीत भागवणाऱ्यांनी वाचावी. कडवट होईल इतकी काटकसर टिकवू नये, असं ती बजावते. आणि ग्रंथाचा क्रम बघा. त्रेसष्टावी आकृती ‘पूर्णत्व’, सगळ्या रेषा जागच्या जागी. पण ग्रंथ तिथे संपत नाही. शेवटची, चौसष्टावी, ‘अजून पूर्ण व्हायचंय’ : छोटा कोल्हा नदी जवळजवळ ओलांडतो आणि शेपूट भिजवून घेतो.

पुस्तक कोणतं, असंही काहींनी विचारलंय. रिखार्ड विल्हेल्मचं जर्मन भाषांतर १९२४ चं. त्याचं कॅरी बेन्सने केलेलं इंग्रजी रूप मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या प्रस्तावनेसह १९५० मध्ये आलं. घरात वाचायला तेच बरं, कारण प्रत्येक रेषेवर विवेचन आहे. जेम्स लेगचं १८८२ चं भाषांतर जुन्या वळणाचं आहे. बारीक टाइपाचा त्रास होत असेल तर लागणारी दोन पानं मोठी करून झेरॉक्स काढून घ्या.

अठरावी आकृती, ‘बिघडलेलं सावरणं’ आली. घर आत्ताच मुलाच्या नावे करून द्यावं, असा अर्थ घेतला तर?
— अंबड

नका घेऊ. ती आकृती वडिलांनी, आईने मागे ठेवलेला गुंता निस्तरण्याबद्दल आहे. मुलांना निस्तरावं लागेल असं काही मागे राहतंय का, एवढंच तिच्यापुढे बसून तपासा : तोंडी शब्द, अर्धवट वाटणी, भावाचं अडकलेलं येणं. पुढचं काम वकिलाचं. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, आणि हयात असेपर्यंत ते बदलता येतं. बक्षीसपत्राची नोंदणी लागते, मालकी तेव्हाच जाते आणि सहसा परत येत नाही. तरी बक्षीसपत्रच करायचं झालं तर सांभाळण्याची अट दस्तातच लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ चा आधार घ्यायची वेळ आली तर तीच अट कामी येते.

तेविसावी आकृती ‘पडझड’ आल्यावर एकाने शांती करायला पैसे सांगितले.
— सातपूर

देऊ नका. यी चिंगमध्ये शांती, खडे, यंत्र असा उतारा नाही. ‘पडझड’ म्हणते, की या घडीला पुढे जाण्यात हित नाही. तेव्हा नवी गुंतवणूक, नवा करार, मोठी खरेदी काही दिवस लांबवा. त्याला पैसे पडत नाहीत. तिच्या सहाव्या रेषेत झाडावर एक मोठं फळ न खाल्लेलं उरलेलं आहे, आणि लगेच पुढची आकृती ‘परतणं’ (२४) आहे. घाबरवणाऱ्याने हे दोन्ही सांगितलं नसणार.

ज्येष्ठ नागरिक संघात आम्ही वीस-पंचवीस जण महिन्यातून एकदा बसतो. गटात करता येईल का?
— पाथर्डी फाटा

येईल, पण खासगी प्रश्न गटात उघडे करू नका. पैशाचा किंवा सुनेचा विषय निघाला की तो उद्या कट्ट्यावर पोचतो. गटासाठी सोपी रीत : एका बैठकीला एकच आकृती ठरवा, तिचं मुख्य वचन आणि सहा रेषा एकाने सावकाश वाचाव्या, आणि प्रत्येकाने आपापल्या वहीत लिहावं की यातली कोणती रेषा आज आपल्याला लागू पडते. बोलायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. सुरुवात ‘नम्रता’ किंवा ‘विहीर’पासून करा, ‘पडझड’, ‘खोल दरी’ (२९), ‘कोंडी’ पहिल्या दोन-तीन बैठकांत नकोत, कारण नव्या माणसाला नावच धसका देतं. एक तास पुरतो. कौल लावायचाच असेल तर मण्यांचा बटवा घरी न्यायला द्या, आणि परत आल्यावर मणी सोळा आहेत ना, एवढं मोजून घ्या.